डॉक्टरांचं विमान आन् माजं पोट

माज्या पोटाचं ऑपरेशन झालं तवा खोलीत कोन कोन हुतं ते आदी सांगते, म्हंजे मागनं वाद नको. ऑपरेशन करनारे मुकुंद डॉक्टर, भूल देनारे दुसरे एक डॉक्टर, मेरी सिस्टर, दाराशी कंपाउंडर गंगाधर, आन् मी. मी भुलीत हुते, तरी हजर धरा. पोट माजंच हुतं.

आता हे मुकुंद डॉक्टर. ही गोष्ट नव्वद सालानंतरची, टीव्हीला जोडायचे गेम तवा नवे नवे आल्ते. भिंगारात बाजाराच्या तोंडाला त्यांचा बारका दवाखाना. पन्नाशीचा मानूस, टक्कल पडल्यालं, लगीन केल्यालं न्हाई, घरात एकटाच. आन् दुपारी पेशंट सरले की टीव्हीम्होरं बसून पोरांचा गेम खेळायचा. पडद्यावर इवलंसं विमान, म्होरनं डोंगर यायचे, ह्यांनी बटनं दाबून विमान फटीतनं काढायचं. मांडीवर एक बारकी जुनी उशी, उशीवर गेमचा रिमोट. विमान आपटलं की असं हळहळायचे, जसा आतला पायलट त्यांच्या सोयऱ्यातला हाय.

मी तिथं मावशी. फरशी, बादल्या, पेशंटची घान. मालक गेले तवा पोरी लहान हुत्या. दुष्काळात रस्त्यावर खडी फोडली, मग ही नोकरी घावली. मनात म्हनायची, शिकून मानसं डोक्यानं येडी होत्यात, हे तर हातानं झालं.

एकदा इचारलंच. म्हनले, "मावशी, हा खेळ नाही, अभ्यास आहे." आता पोट फाडायचं न्हाई म्हने. बारकी भोकं पाडायची, दुर्बीन घालायची, आन् टीव्हीवर बघून आतलं काम करायचं. पुन्याला जाऊन शिकून आल्ते. तिथल्या गुरूंनी सांगितल्यालं, हात एकीकडं आन् नजर एकीकडं, ही सवय लावून घ्या. झालं. तवापासनं एकच मंत्र, "हाताकडे बघायचं नाही."

ह्या मंत्रापायी लई नुकसान झालं. शर्टाची बटनं न बघता लावायचे. एक टोक वर, एक खाली, अशा अवतारात मिलिट्रीतल्या सायबाच्या बायकोला तपासलं. टीव्हीकडं बघत चहा बशीत ओतला, तो गंगाधरच्या चपलेत. पगार तेच देत हुते, गंगाधर करनार काय? पाय तेवढा पुसला.

हसन्यावारी चाललं हुतं, तवर माज्याच पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. जल्मभर खडी फोडली, उरलेली देवानं पोटात भरून ठेवल्याली.

आता पंचाईत. मोठा काप घेतला तर लई दिस जड उचलायचं न्हाई. आन् बादली न उचलनारी मावशी कोन ठेवतं? राहायची खोलीबी दवाखान्याचीच. दुर्बिनीनं केलं तर लवकर उठता येनार. पर दुर्बीन कोनाच्या हातात, तर विमान आपटनाऱ्याच्या. गंगाधर म्हनला, "मावशी, घाबरू नका. एक आपटलं की दुसरं विमान येतंय."

डॉक्टरांनी मला पुढ्यात बसवलं. लपवलं काय न्हाई. गुरूंच्या हाताखाली केल्यात म्हनले, हितं एकट्यानं ही पयलीच. जमत न्हाई वाटलं तर तितंच थांबून जुन्या रीतीनं करीन. मी तेवढंच इचारलं, "विमान पार कदी न्हेलं का वो?"

"काल नेलं."

"मंग करा."

शुद्धीवर आले तवा दुपार कलल्याली. पोटावर चार बारक्या पट्ट्या. खाटंच्या कडंला डॉक्टर बसल्याले, आन् वरीसभर ज्यांच्याकडं बघायचं न्हाई ते सोताचे दोनी हात बघत हुते. मला वाटलं, काय तरी बिघडलं.

घसा कोरडा पडल्याला, मला खोकला आला. मानूस ताडकन उठला, टीव्हीम्होरली ती उशी आनली आन् माज्या पोटाशी धरली. "हळू. उशी दाबून खोका."

खोकले. दुखलं, पर सोसंल एवढं.

ते उशीकडं बघत म्हनले, "आईचे खडे मीच काढले होते. केवढा काप घेतला. मग जगली तोवर ही उशी पोटाशी धरूनच खोकायची. खोकला आला की आधी माझ्याकडे बघायची, मी घाबरतोय का ते."

मी उशी बाजूला सारली, आन् मुद्दाम एकदा खोकले. बिनउशीची. लई दुखलं. तोंडावर दावलं न्हाई.

ते हसले. मग बाहीनं चष्मा पुसत बसले, हाताकडं बघून.

पंधरवड्यानं मी बादली उचलली.

आता डॉक्टरांचे हात कापत्यात, ऑपरेशनं कवाच बंद झाली. दुपारी विमान तेवढं उडवत्यात. पर रिमोटचं डावं बटन गेलंय, विमान एकाच अंगाला वळतं, आन् तसला गेम आता दुकानात मिळंना. तुमच्या माळ्यावर पोरांचा जुना पडला असंल तर भंगारवाल्याला देऊ नका. मला आनून द्या.