साऱ्या लेआउटचे गुडघे

यंदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आमच्या नागपुरातल्या हुडकेश्वर लेआउटचं महिला लेझीम पथक सगळ्यांच्या पुढे राहील, असं मी विहारात भर सभेत सांगून टाकलं. तोंड माझं, शिट्टीही माझी. चिंता कशाची?

सरावाला बायांनी मैदान भरलं. मग मी उडीचा डाव शिकवायला घेतला आणि हप्त्याभरात पथक उन्हाळ्यातल्या नळासारखं थेंबावर आलं.

घरोघरी गेले. मयुरा म्हणाली, "वंदनाताई, गुडघे." रीनाचे गुडघे. अंजनाबाईंचे दोन्ही. सहा महिन्यांमागं बाळंत झालेल्या दीक्षाचेही गुडघेच. साऱ्या लेआउटचे, अख्ख्या वस्तीचे गुडघे एकाच हप्त्यात गेले? माझं डोकं फिरलं. नवऱ्याच्या ओळखीनं धंतोलीचा हाडांचा डॉक्टरच विहारात आणून बसवला.

डॉक्टर कोवळा होता. हातोडी टेकवली की एकेकीचा पाय घोड्यासारखा उडत होता.

"गुडघे तर एक नंबर आहेत," तो म्हणाला. "जरा उडी मारून दाखवा."

कोणी हलेना.

"दुखून राहिले का?"

"नाही."

"मग उडी काहून नाही मारत?"

अंजनाबाई उखडल्या. "उडी मारली का गळते, बापू."

"काय गळते, आजी?"

"छताचं नाही सांगून राहिली मी."

दीक्षा हळूच म्हणाली, "मले तर शिंकलं तरी होते." रीना लग्नाला निघायच्या आधी पाण्याला हात लावत नाही. मयुरा कुठंही गेली की आधी संडास शोधते, मग यजमान. आणि अंजनाबाईंच्या पोरानं आणलेलं गुडघ्याचं तेल त्या इमानदारीनं चोळत होत्या.

डॉक्टर लालबुंद झाला. "हे खूप बायांना असते. व्यायाम आहे, औषध आहे. पण मी हाडांचा आहे जी. लघवीच्या डॉक्टरीणबाईंना पाठवतो."

मी खुर्चीवर चढले. "गडी माणूस भर रस्त्यात भिंत ओली करते, त्याले लाज नाही. आणि आपण घोटभर पाण्याले भिऊन चांगल्या गुडघ्यांची बदनामी करून राहिलो! आजपासून लपवणं बंद. उडीचा डाव रद्द, जमिनीवरचे डाव खेळू. पण मिरवणुकीत पुढे आपणच."

टाळ्या पडल्या. अंजनाबाईंनी मात्र हात बांधलेले.

"डाव रद्द कर, पण आधी तू एक उडी मारून दाखव वं."

"मी? मी तर शिट्टी वाजवते."

"तेच म्हणून राहिली मी."

शिट्टीवालीला उडी मारावी लागत नाही. पथक सुरू झालं तेव्हापासून ती शिट्टी मी कोणाच्या हाती लागू दिलेली नाही.

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी खुर्चीवरून अलगद, एकेक पाय टेकवत उतरले.

"माझे जरा गुडघे..."

डॉक्टरनं पुन्हा हातोडी काढली.