चौथ्या डिस्कमधल्या सासूबाई

लॅपटॉप यवतमाळच्या दुकानात न्यायचा नाही, तो आपणच दुरुस्त करायचा, असं धम्मरत्न मनवरने शुक्रवारी सकाळी दात घासता घासता ठरवलं. पुढं जे रामायण झालं ते सगळं या एका निर्णयापायी.

धम्मरत्न महागावच्या एका जिनिंगमध्ये कारकून. कापसाच्या गाड्या आल्या की फाटकावर उभं राहून शेतकऱ्यांची नावं पुकारायची, हे त्याचं मुख्य काम. पण गेली दोन-तीन वर्षं कापसाचे असे काही हाल चालले होते की फाटकावर गाड्यांपेक्षा कुत्री जास्त असत. त्यातून मे महिना. जिनिंग बंद, कारकून घरी. रिकामा कारकून आणि रिकामा सांड यांच्यात फरक इतकाच, की सांडाने एमएस-सीआयटीची परीक्षा दिलेली नसते. धम्मरत्नने दिली होती. त्र्याऐंशी टक्के. (सर्टिफिकेट फ्रेम करून बैठकीत लावलेलं. आलेल्या पाहुण्याला ते वाचल्याशिवाय चहा मिळत नसे.)

लॅपटॉप मेव्हण्याचा जुना. अतुलने पुण्यात नवा घेतला आणि हा ताईला पाठवून दिला. सोबत ना डिस्क ना कागद. गुरुवारी संध्याकाळी त्याने एकदा घरघर केली, पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच इंग्रजी ओळ आली, ‘रिकव्हरी डिस्क टाका.’ अतुलला फोन केला. तो म्हणाला, “डिस्का? असतीन इथंच कुठं तरी. तीन घरं बदलले न मी.”

एरवी लॅपटॉप आठ दिवस तसाच पडून राहिला असता. पण त्यात त्याच्या बायकोच्या, शीलाच्या आईची गाणी होती. कौसल्याबाई जात्यावर बसून बाबासाहेबांची गाणी म्हणत. कुणी शिकवलेली नव्हेत, त्यांची स्वतःची. अशी सत्तावीस गाणी धम्मरत्नने मोबाईलवर रेकॉर्ड केली होती. मग मोबाईलमध्ये जागा उरेना म्हणून ती ‘सुरक्षित’ राहावीत यासाठी लॅपटॉपमध्ये टाकली आणि मोबाईलमधून पुसली. नंतर चारच महिन्यांत कौसल्याबाई गेल्या. आता येत्या रविवारी विहारात त्यांचं वर्षाचं पुण्यानुमोदन होतं आणि तिथं ही गाणी लावायची होती. शीलाने सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं, “या, मायचा आवाज आयकाले या.”

“यवतमाळले घेऊन जा न,” शीला म्हणाली. “दुकानवाला पाहीन.”

“कायले? माह्या डोक्यात सगळं फिट्ट हाय. विंडोज नवं टाकाचं, झालं.”

“अन् गाने?”

“अवो, घराचे टिनं बदलले म्हनून घरातले मानसं कुठं जातेत का?”

हे शीलाला पटलं. उदाहरण इतकं पटण्याजोगं होतं, की खुद्द धम्मरत्नलाही ते पटलं.

विंडोजची डिस्क मिळायला तो राजकुमार राठोडच्या फोटो स्टुडिओत गेला. गावातला कुठलाही कॉम्प्युटर बसला की राजकुमारकडे धाव घ्यायची, ही महागावची रीत. राजकुमार दिग्रसला लग्नाच्या शूटिंगला निघाला होता. खांद्यावर कॅमेरा, हातात लाइटचे स्टँड, तोंडात सुपारी. त्याने चार डिस्का काढून दिल्या. त्यांवर मार्करने एक, दोन, तीन, चार असे आकडे टाकलेले.

“एकामागं एक टाका भाऊ. सगळं येते.”

“सगळं म्हंजे?”

“सगळं म्हंजे सगळं,” असं म्हणून राजकुमार बसच्या मागं पळाला.

घरी आल्यावर धम्मरत्नने उन्हाची झळ नको म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या. शीला रविवारच्या स्वयंपाकाचं ठरवायला विहारात गेली होती. पहिली डिस्क घातली. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला, लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवरचं सगळं जाईल, पुढं जायचं का, हो की नाही? बारा वर्षं जिनिंगमध्ये मालकापुढं उभं राहिलेल्या माणसाला कुठल्याही प्रश्नाचं एकच उत्तर येतं. त्याने ‘हो’ दाबलं.

पहिली संपली, दुसरी संपली. तिसऱ्या डिस्कच्या मध्यावर बाराचं भारनियमन सुरू झालं आणि पंखा थांबला. बंद खोलीत आता उजेड फक्त त्या पडद्याचा. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बॅटरी जेमतेम अर्धा तास टिकायची. त्याने घाम पुसत चौथी डिस्क सरकवली आणि माठातलं पाणी प्यायला आत गेला.

परत आला तेव्हा पडद्यावर एक माणूस त्याच्याकडे बघत होता.

गळ्यात हार, चेहरा हिरवट आणि आडवा ताणल्यासारखा रुंद. धम्मरत्न दारातच थांबला. माणूस गेला आणि दुसरा आला. हार तोच, त्याच पाकळ्या, डावीकडची एक पाकळी गळालेली. मग तिसरा. सगळे हिरवे, सगळे रुंद, सगळे एकच हार घालून एकामागून एक येत होते, क्षणभर थांबत होते आणि जात होते. आवाज कशाचाच नाही.

एव्हाना आपण समजून घ्यायला हवं की धम्मरत्न भूत मानत नसे. दर रविवारी विहारात तोच तर सांगे, “भूत नसते. असते ते मनातलं भेव.” आता त्याने तेच वाक्य स्वतःला हळू आवाजात सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना आवाज जरा कापला.

कारण आता तो चेहरे ओळखू लागला होता. हे धरमसिंग. हे खेमसिंग, पहाटेच रांगेत पहिली गाडी लावायचे आणि टेबलावर न बोलता एक पिकलेला पेरू ठेवून जायचे. ज्यांची नावं तो वर्षानुवर्षं फाटकावर पुकारत आला, ती माणसं त्याच्या बैठकीत रांगेने येत होती, जणू पुकाराची वाट पाहत. त्यातले कितीतरी त्याच्याच वयाचे होते, काही तर लहान. इतकी माणसं गेली? एकेकाची बातमी त्याने त्या त्या वेळी ऐकली होती, अरेरे म्हणून तो घरी येऊन जेवलाही होता. सगळी अशी एकत्र कधी पाहिली नव्हती. भीती होतीच, पण त्या वेळी वाईटच जास्त वाटलं.

हे थांबवावं म्हणून तो पुढं झाला आणि कोपर कुठल्याशा बटणावर पडलं. चेहरे गेले, पडदा निळा झाला. मग कुणीही हात न लावता एक चौकोन उघडला आणि त्यात कौसल्याबाई आल्या.

हार नव्हता. नऊवारी लुगडं, कपाळावर पदर. त्या हलत होत्या, पण सरळ नव्हे, झटके देत, मधेच थिजून पुन्हा हलत. चेहरा हिरवा. त्यांनी नीट समोर पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. ओठ हलत होते आणि आवाज नव्हता.

धम्मरत्न डावीकडे सरकला. सासूबाईंचे डोळे डावीकडे वळले.

तो भिंतीला टेकला. सासूबाईंनी हात उचलून बोट नेमकं त्याच्या दिशेला केलं आणि पुन्हा काहीतरी बजावून सांगितलं. जिवंत असताना त्या घरात पाऊल टाकताच एकच विचारायच्या, जवई जेवले का. म्हणून धम्मरत्नच्या तोंडून आपोआप निघालं, “हाव माय, जेवलो. भाकर होती, अन् ठेचा.”

सासूबाईंनी नकारार्थी मान हलवली.

त्याच क्षणी बॅटरी संपली आणि पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत एक घाबरलेला, घामेजलेला चेहरा दिसला. तो आपलाच आहे हे कळायला धम्मरत्नला थोडा वेळ लागला, आणि तोवर तो अनवाणी अंगणात पोचला होता.

समोरच्या विमलताई कुरडया उलटवायला बाहेर आल्या होत्या. “काहून जी भाऊ, उन्हात उभे?”

“हवा खाऊन राह्यलो.”

“चव्वेचाळीस डिग्रीत?”

“आत लई थंड लागून राह्यलं,” धम्मरत्न म्हणाला. (हे मात्र खरं होतं.)

शीला घरी आली, तीनला लाइटही आली. झाला प्रकार त्याने बायकोला सांगितला नाही. भूत न मानणाऱ्या माणसाची हीच तर पंचाईत, भूत दिसलं तरी सांगायची सोय नाही. “सुरू झाला लॅपटॉप,” एवढंच म्हणून त्याने तिला पुढं बसवून आपली खुर्ची तिच्या मागं लावली.

“मंग लावा न एक गानं.”

त्याने ‘माय’ नावाचा फोल्डर शोधला. दिसला नाही. सगळीकडे पाहिलं. फोल्डर नव्हता, गाणी नव्हती, अतुलचं काही नव्हतं, त्यांचं स्वतःचं काही नव्हतं. टिनांबरोबर घरातली माणसंही गेली होती.

शीला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पदराचं टोक मुठीत धरलं आणि म्हणाली, “सत्तावीसबी?”

“सत्तावीसबी,” धम्मरत्न म्हणाला. आपल्या हातून शीलाची आई दुसऱ्यांदा गेली, असं त्याला वाटलं आणि बायकोकडे बघायची हिंमत होईना. जमिनीने पोटात घ्यावं, तर बैठकीची फरशी नुकतीच बसवलेली.

तेवढ्यात तो चौकोन पुन्हा आपोआप उघडला.

धम्मरत्न मागं सरला. शीला पुढं झाली. तिने काचेवर बोट ठेवलं, आईच्या गालावर. तिला हिरवा रंगही दिसला नाही आणि झटकेही दिसले नाहीत. “माय हाय,” ती म्हणाली. “काईतरी सांगून राह्यली. अवो, आवाज मोठा करा न.”

आवाज पूर्ण मोठा होता. ओठ हलले, बोट उठलं, मान हलली आणि सगळं संपलं. शीलाने पुन्हा लावलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

धम्मरत्नने राजकुमारला फोन लावला. तिकडून बँडचा आवाज. “थ्या डिस्का म्हंजे माह्या दुकानातला अख्खा कॉम्प्युटर हाय भाऊ,” राजकुमार ओरडून सांगू लागला. “मी सगळ्यायले हेच टाकून देतो. खटखट नाई.”

“अन् थे हारवाले?”

राजकुमारचा आवाज जरा खाली आला. “थे गेलेल्या मानसायचे फोटो, आपोआप फिरतेत. आजकाल तेच काम जास्त हाय न. लग्नं कमी, हार जास्त. अन् रंग हिरवा येईन, चित्र झटके खाईन, तुमच्या लॅपटॉपचा ड्रायव्हर त्यात नाई.”

“अन् सासूबाई?”

“थे तुमच्याच लग्नाचं शूटिंग. तवा माह्यं दुकान पुसदले होतं. मंडपात मी सगळ्यायले दोन शब्द बोलाले लावतो न, तुमाले देलेल्या डिस्कीत थे टाकलंच नोतं. दुकान उघडलं की टीव्हीवर आपोआप थेच लागत होतं. गिऱ्हाईक हासत हासत आत ये. आवाज हाय त्यात, फक्त त्याचाबी ड्रायव्हर लागन. रविवारी मी थेट विहारात येतो घेऊन. पन तोवर कोनाले हात लावू देऊ नका, नाई त हेबी जाईन!”

शीलाने लॅपटॉप लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. नवऱ्याकडे तिने फक्त एकदा पाहिलं.

पण शनिवारपर्यंत धम्मरत्नच्या जिवात जीव आला. रंगाचं, झटक्यांचं कारण सापडलं होतं. भूत नव्हतं. उलट आता त्याला वेगळंच सुचू लागलं, सासूबाई लग्नाच्या मंडपात जावयाकडे बोट करून काय बोलल्या असतील? दुसरं काय बोलणार! त्याने आरशापुढं ओठ तसे हलवून पाहिले आणि त्यातून ‘सोन्यासारखा’ असं स्पष्ट निघतं, अशी त्याची खात्री पटली. विमलताईंना त्याने तसं सांगितलं. विमलताईंनी गल्लीला सांगितलं.

रविवारी विहार भरला. वंदना झाली. राळेगावकडचे पाहुणे पुढं बसले, त्यांत कौसल्याबाईंचे थोरले भाऊ डोमाजी, वय ऐंशी. राजकुमार ठरल्याप्रमाणे आला, त्याने लॅपटॉपला स्पीकर जोडला आणि काय काय बसवलं. मग धम्मरत्न माइकपुढं उभा राहिला. “मायचे गाने माह्या चुकीनं गेले,” तो म्हणाला आणि हे म्हणताना त्याचा आवाज खरंच भरून आला. “पन जाता जाता माय आपल्या जवयाबद्दल दोन शब्द ठेवून गेल्या. थे आपन सगळे आयकू.”

पडद्यावर कौसल्याबाई आल्या. आता हिरव्या नव्हत्या, त्यांच्या नेहमीच्या सावळ्या रंगाच्या होत्या. आणि वर्षभराने त्यांचा तो खणखणीत आवाज विहारात घुमला.

“जवई चांगला हाय बाप्पा. शिकेल हाय, दारू-सुपारी काई नाई. पन सकाळपासून पाहून राह्यली मी. मंडपातला एक पंखा बंद पडला त हा नवरदेव बाह्या सारून थो खोलाले बसला. थो त नाई झाला सुरू, बाजूचा चालू होता थोबी बंद केला. वऱ्हाड घामानं भिजून राह्यलं! शीला, बाई, आयक माह्यं. संसार सुखाचा कर. पन याच्या हाती कोन्तीच मशीन देऊ नोको.”

आणि त्यांनी नाही नाही म्हणत मान हलवली.

सगळे शीलाकडे बघू लागले. मग शीला हसली. वर्षभरात पहिल्यांदा, डोळ्यांत पाणी असताना, पोट धरून. मग सगळा विहार हसला. “पुन्हा लावा!” शीला म्हणाली. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. प्रत्येक वेळी कौसल्याबाई नव्या दमाने बोलत होत्या आणि माणसं हसता हसता रडत होती.

पाचव्या खेपेला स्पीकर खरखरू लागला. आवाज तुटायला लागला. राजकुमार बाहेर पाणी प्यायला गेलेला. धम्मरत्नने सवयीने बाह्या सारल्या आणि तो वायरकडे झेपावला.

डोमाजींनी बसल्या जागेवरून काठी आडवी धरली. “जवई,” ते म्हणाले, “तुमी जेवाले बसा.”