घोड्यावरून पडणाऱ्याचा अर्ज

शुक्रवारचा मॅटिनी सुटल्यावर, तिसऱ्या रिळात घोड्यावरून पडून मरणारा माणूस पडद्यातून खाली उतरला आणि मॅनेजरच्या केबिनबाहेरच्या बाकावर अर्ज घेऊन बसला. मिरजेच्या चंद्रमौळी टॉकीजला आठवडाभर लागलेल्या जुन्या काउबॉयपटात तो रेड इंडियन होता. छातीतली गोळी तशीच होती.

ऑपरेटर दस्तगीर शिकलगार चहाला खाली आला होता. मॅनेजर हुद्दारांनी अर्जदाराला आत बोलावलं आणि दस्तगीरलाही साक्षीदार म्हणून आत घेतलं.

"विषय?" हुद्दारांनी चष्मा लावला.

"नामावलीत नाव पाहिजे," तो माणूस म्हणाला. "घोड्याचं आहे. सातवं."

"घोडा नायकाचा आहे. तुम्ही कुणाचे?"

"सरदाराचा."

"मग त्याला सांगा की."

"सरदार गोरा आहे. सकाळी तासभर त्याला रंग फासतात. त्याचं नाव आहे, मोठ्या अक्षरात. आमच्यातला खरा मी एकटाच, आणि मला नुसतं पडायचं काम."

दस्तगीरला राहवलं नाही. "खरं आहे, साहेब. तीस वर्षं बघतोय मी. जमीन ह्यांची, आणि दरोडेखोर पण हेच!"

"तू साक्षीदार आहेस, दस्तगीर. वकील नाहीस." हुद्दारांनी अर्ज उलटून पाहिला. "अर्जदाराचं नाव, ही जागा कोरी का?"

"पडताना काहीही ओरड, असं दिग्दर्शक म्हणाला होता. मी माझं नाव ओरडलो. पण या प्रिंटमध्ये तोंड उघडतं आणि एकदम मी जमिनीवर असतो. मधलं गेलंय. आता ते माझ्याकडेही नाही."

"ज्याला नाव नाही, त्याचं नाव घालता येत नाही," हुद्दार म्हणाले, आणि तेच अर्जावर लाल शाईनं लिहिलं.

दस्तगीरचा चहा तसाच राहिला. एकोणीस वर्षांपूर्वी हीच प्रिंट याच टॉकीजमध्ये, त्याच्याच मशीनवर तुटली होती. नायकाच्या तोंडावर फिल्मची पट्टी तुटली, तर ऑपरेटर जीव मुठीत धरून दोन-चार चौकटी कापतो आणि सांधतो. पण तेव्हा पडद्यावर पडणारा होता आणि खाली शिट्ट्या चालू होत्या. दस्तगीरनं सरळ तीन फूट कापले होते.

तो बाहेर बाकावर त्या माणसाशेजारी जाऊन बसला. "भाऊ, ते मीच कापलं."

"कुठे टाकलंत?"

"कापलेले तुकडे बांगड्या करणारा न्यायचा. वितळवायचा."

"म्हणजे कुणाच्या तरी हातात असेल."

"असेल."

"फुटली असेल एव्हाना," तो माणूस म्हणाला. मॅटिनीनंतरचा खेळ सुरू व्हायची घंटा झाली, तसा तो मरायला परत गेला.

आठवडाभर दस्तगीरला मशीनच्या काचेतून खाली बघवेना. तो माणूस रोज तोंड उघडायचा आणि रोज जमिनीवर असायचा. गुरुवारी, शेवटच्या दिवशी, दस्तगीरनं तिसरं रीळ काढलं, जुना सांधा सोडवला आणि तिथे तीन फूट कोरी पट्टी जोडली. देण्यासारखं त्याच्याकडे तेवढंच होतं.

मॅटिनीला तिसऱ्या रिळात त्या माणसानं तोंड उघडलं आणि दोन सेकंद पडदा पांढरा झाला. "ए ऑपरेटर, झोपलास काय!" पुढून कुणीतरी ओरडलं. चित्र परत आलं तेव्हा घोडा मोकळ्या खोगिरानं पळत होता आणि जमिनीवर कोणी नव्हतं. नायकानं पिस्तुलाचा धूर फुंकला आणि नेहमीसारखा हसला.

बाकावरही कोणी आलं नाही.

संध्याकाळी प्रिंट परत पाठवायची होती. हुद्दारांनी वितरकाचा फॉर्म पुढे ओढला. "काही तूट?"

"एक माणूस कमी आहे, साहेब."

हुद्दारांनी नामावलीवरून बोट फिरवलं. घोड्यापाशी क्षणभर थांबले, मग शेवटपर्यंत गेले. "यादीत नाही तो कमी कसा होईल?" ते म्हणाले, 'तूट नाही' असं लिहिलं आणि फॉर्म सहीसाठी सरकवला.

दस्तगीर नेहमी नुसती एक रेघ ओढायचा. या वेळी त्यानं पेन घट्ट धरलं आणि बापाच्या नावासकट आपलं पूर्ण नाव लिहिलं.