खारूताईची भेग आणि तीन पानांचा विमा

एका जंगलात, अगदी समुद्राला लागून, एक खार जागी होती. सगळं जंगल घोरत होतं आणि ही छताकडे बघत पडली होती. सलग सातवी रात्र.

मुलांनो, ही शिकलेली खार होती. अडाणी खारींना झोप येते.

ती राहायची उंडीच्या एका उंच झाडात. त्या झाडाला बारा ढोल्या होत्या आणि बाराही विकल्या गेल्या होत्या. झाड सगळ्यांचं, ढोली ज्याची त्याची, अशी तिथली पद्धत. खारूताईची ढोली चौथ्या फांदीवर, समुद्राच्या बाजूची. घेताना तिला वाटलं होतं, वारा छान येईल.

वारा छान यायचा. तो ढोलीच्या भिंतीतल्या एका भेगेतून यायचा. आणि भेगेच्या बरोबर खाली तिचं पिल्लू, बोंडू, झोपायचं. त्याला नुकतीच सर्दी होऊन गेली होती.

वादळाचे दिवस जवळ आले होते. भेगेतून पाणी आलं तर? बोंडू भिजला तर? खारूताईने सकाळी ओढ्यावरून चिखलाचा एक गोळा आणला. भेगेसमोर उभी राहिली. आणि तिच्या मनात आलं, आपण हे बरोबर करतोय ना? कुणाला तरी विचारावं.

इथेच चुकलं. पण मुलांनो, तुम्ही हसू नका. तुम्हाला अजून पोरं नाहीत.

शेजारच्या ढोलीत धनेशकाकू राहायच्या. धनेश पक्ष्यांची रीत तुम्हाला ठाऊक असेल. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि दार चिखलाने लिंपून घेते. चोच बाहेर काढण्यापुरती फट ठेवते, बस. नवरा बाहेरून फळं आणून देतो.

"काकू, भेगेला काय लावू?" खारूताईने फटीतून विचारलं.

"चिखल लाव."

"कुठला?"

"ओला."

"टिकेल याची हमी काय?"

"अगं, चिखल आहे तो. हमी कसली मागतेस? पडला तर परत लाव."

हे उत्तर खारूताईला फारच साधं वाटलं. एवढं साधं उत्तर बरोबर कसं असेल? ती सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेली. सेक्रेटरी होते वाघूळभाऊ. ते उलटे लटकून नियम वाचायचे, त्यामुळे शेवटचा नियम त्यांना आधी दिसायचा.

"झाडाचा विमा सोसायटीने काढलाय," वाघूळभाऊ म्हणाले. "सालीपासून बाहेर सगळं सोसायटीचं. सालीच्या आत सगळं तुमचं."

"आणि भेग?"

वाघूळभाऊंनी नियम पुन्हा शेवटापासून वाचले.

"भेग म्हणजे जिथे काहीच नाही ती जागा. जिथे काहीच नाही ते कुणाचं, हे वार्षिक सभेत ठरेल. तुम्ही आपला स्वतःचा विमा काढा."

विमा विकायला शंखेश्वर आला. हा एक खेकडा होता. दुसऱ्याने टाकलेल्या शंखात राहायचा आणि घरांचे विमे विकायचा. झाडावर चढताना त्याला अर्धा दिवस लागला, पण बोलायला लागल्यावर त्याला धाप लागली नाही.

"ताई, पाणी तीन प्रकारचं असतं," तो म्हणाला. "वरून येतं तो पाऊस. खालून येतो तो पूर. बाजूने येतो तो वारा."

"वारा म्हणजे पाणी?"

"कागदावर, ताई. तिन्हींचे वेगळे विमे."

"तिरकं आलं तर?"

"किती तिरकं, त्यावर आहे."

खारूताईने तिन्ही काढले. तीन मोठी पानं, दोन्ही बाजूंनी कोरलेली. हप्त्यात पावसाळ्याची अर्धी बेगमी गेली. तिने विचारलं, "तुम्ही स्वतः यातला कुठला घेतलाय?"

"मी?" शंखेश्वर हसला. "लाट आली की मी घरच बदलतो."

जाता जाता त्याला तो चिखलाचा गोळा दिसला. तो थबकला.

"ताई, हे काय? पाहणी होईपर्यंत भेगेला हात लावायचा नाही. आहे तशी राहिली पाहिजे. तुम्ही बुजवलीत, तर भेग होती हे दाखवणार कसं?"

ते खारूताईला पटलं. शिकलेल्यांना अशा गोष्टी लगेच पटतात. तिने गोळा कोपऱ्यात सरकवला. बोंडूने त्यातला थोडा घेऊन भेगेकडे नेला, तर तिने त्याचा पंजा झटकन मागे ओढला. "हात नाही लावायचा! पानात लिहिलंय."

पाहणीला कुणी आलं नाही. वादळ मात्र वेळेवर आलं. दुपारी आभाळ काळं झालं, झाड गदगदा हलू लागलं आणि भेगेतून पाण्याची पहिली धार आत आली.

खारूताई धावली. भेगेकडे नाही, पानांकडे. ती धारेसमोर पानं धरून उभी राहिली आणि मान वाकडी करून बघू लागली. वरून येतंय? बाजूने? बाजूनेच, पण जरा वरून. "किती तिरकं" ते मोजायचं कसं, हे तिन्ही पानांत कुठेच नव्हतं.

पलीकडून काकूंचा आवाज आला. "खारूताई, पोर कोरडं आहे ना गं?"

"थांबा काकू, दिशा बघतेय!"

"दिशा गेली खड्ड्यात! पोर बघ!"

खारूताईने खाली बघितलं. बोंडू चिंब झाला होता. तो रडतही नव्हता. नुसता कुडकुडत होता आणि आई कधी बघते याची वाट बघत होता.

तिने पानं टाकली. चिखलाच्या गोळ्याकडे झेप घेतली, तर तो एव्हाना दगडासारखा वाळून बसला होता. मग तिने काय केलं असेल, मुलांनो? तिने पाठ भिंतीला लावली आणि आपली झुबकेदार शेपटी भेगेत कोंबली. पार टोक बाहेर निघेपर्यंत.

पाणी थांबलं. तिने बोंडूला पोटाशी घेतलं, चाटून चाटून कोरडं केलं आणि वादळ सरेपर्यंत जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी शंखेश्वर पाहणीला आला.

"भेग कुठे आहे?"

"शेपटीच्या मागे," खारूताई म्हणाली. शेपटी अडकली होती.

"म्हणजे बुजवलीत." त्याने मान हलवली. "विनापरवानगी. बरं, नुकसान काय झालं? पिल्लू?"

"बरं आहे."

"अरेरे," शंखेश्वर म्हणाला. "मग काहीच देता येणार नाही."

"माझ्या शेपटीची साल निघालीय!"

"शेपटी त्या वेळी भिंत होती, ताई. भिंतीचं सोसायटीला विचारा."

वाघूळभाऊंनी नियम बघितला. शेपटीचं टोक सालीच्या बाहेर आलं होतं. म्हणजे तेवढं टोक सोसायटीचं झालं. ते झाडाच्या रंगात रंगवून घ्यावं, अशी त्यांनी नोटीस काढली. जाता जाता आणखी एक नोटीस काढली. धनेशकाकूंनी दर्शनी भागात चिखल थापून झाडाची शोभा घालवली होती.

खारूताईने शेपटी हिसका देऊन भेगेतून सोडवली आणि ती तावातावाने भांडायला उठली. मग तिला वाटलं, आपल्याला नियम नीट कळला नसेल. तिने शंखेश्वरकडून शेपटीचाही विमा काढला. प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत भेग आहे तशी ठेवायची, असं ठरलं.

तात्पर्य : संकटात आपल्या पोरासाठी शेपटी मध्ये घालण्याआधी संबंधितांना लेखी कळवावं, आणि पोर थोडं तरी भिजू द्यावं, म्हणजे कागदोपत्री अडचण येत नाही.

हे तात्पर्य खारूताईने बोंडूकडून दोनदा म्हणून घेतलं. त्याने शहाण्यासारखं म्हटलं. बाहेर पुन्हा वारा सुटला होता. बोंडू वळला, आपली बोटभर शेपटी भेगेपाशी नेली आणि म्हणाला,

"आई, आज माझी घालू? तुझी अजून ओली आहे."