आचरेकरांची उभी गाडी

हितेंद्र आचरेकरने चावी फिरवली आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. लागला तो लागलाच. त्याने चावी बंद करून पुन्हा फिरवली, हँडब्रेक खालीवर केला, समोरच्या गणपतीला हात जोडले. दिवा ढिम्म हलेना.

गाडीचा विमा उद्या संपत होता आणि विम्याचा एजंट अमित याने बजावलं होतं की आधी पीयूसी, मग पॉलिसी. धुराची ती तपासणी करून देणारा पंप लालबागच्या त्यांच्या चाळीपासून चार मिनिटांवर होता. तेव्हा पंपाची चिंता नव्हती; हितेंद्रला भीती होती ती गाडी हलवायची. चाळीच्या अंगणात गाड्या मावत सहा आणि गाडीवाले होते अकरा. पाच महिन्यांपूर्वी एक बिऱ्हाड डोंबिवलीला गेलं, तेव्हा सामानाचा टेम्पो फाटकाबाहेर पडायच्या आत हितेंद्रने त्यांच्या जागेत आपली गाडी घातली होती. त्यानंतर ती तिथून वीतभरही सरकली नव्हती. लोक गाडी फिरायला घेतात, आम्ही जागा अडवायला घेतली, असं त्याची बायको अनुजा म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. लग्नाला, दवाखान्यात, देवाला, सगळीकडे आचरेकर टॅक्सीने जात आणि परत आल्यावर गाडी जागेवर बघून समाधान पावत.

दिव्याची बातमी कळताच शेजारचे दौलतराव खाली आले. दौलतराव तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते, त्यामुळे चाळीतल्या सगळ्या इंजिनांवर त्यांचा शब्द अखेरचा असे.

"पेट्रोलच्या टाकीचं झाकण ढिलं असणार," ते म्हणाले.

हितेंद्रने पाहिलं. "घट्ट आहे काका."

"मग जास्त घट्ट झालं असेल."

झाकण जरा सैल केलं. दिवा होता तिथेच होता.

"बॅटरीची वायर काढून परत लाव. डेपोत हेच करायचे."

वायर काढली. दिवा विझला, घड्याळ विझलं, रेडिओही विझला. वायर परत लावल्याबरोबर गाडी जी कोकलायला लागली ती थांबेचना. चोराला पळवायचा भोंगा तो. पण चाळीत चोर सोडून सगळे गोळा झाले. पंधरा मिनिटांनी भोंगा थकून थांबला, आणि इंजिन सुरू करून बघितलं तर पिवळा दिवा पुन्हा हजर.

"आता माझ्या हातात काही राहिलं नाही," दौलतराव म्हणाले आणि जेवायला गेले.

शेवटी कॉटन ग्रीनहून राकेश मेकॅनिकला बोलावलं. त्याने स्टिअरिंगखाली वायर खुपसून हातातल्या छोट्या यंत्रावर काहीतरी वाचलं.

"सायलेन्सरमधला सेन्सर बोंबलतोय. गाडी शेवटची कधी चालवली, शेठ?"

"रोज चालू करतो ना. दहा मिनिटं."

"चालू नाही. चालवली कधी?"

 अनुजाने उत्तर दिलं. "डिसेंबरमध्ये. सेकंडहँड घेऊन शोरूममधून इथे आणली ना, तेव्हा."

"तेच तर. जागच्या जागी धूर सोडून सेन्सर काळा पडलाय. चाळीस किलोमीटर पळव एकदम. गरम झाला की जळून साफ होईल, दिवा जाईल."

"इथल्या इथे नाही का काही करता येणार?"

"शेठ, गाडी आहे ही," राकेश म्हणाला. त्याला याहून सोपं करून सांगता येईना.

चाळीस किलोमीटर म्हणजे दीड तास. दीड तास जागा उघडी.  तेवढ्यात त्याची आई, रमाबाई, प्लास्टिकची खुर्ची घेऊन जिना उतरल्या.

"मी बसतंय हय. खयचो माईचो लाल गाडी घालता ता बघतंय. तू जा."

अनुजा शेजारी बसली आणि गाडी निघाली. रिकाम्या जागेच्या मधोमध आई छत्री उघडून बसलेली आरशात दिसली, तेव्हा हितेंद्रला गलबलून आलं.

रे रोडवरून ते फ्रीवेला लागले. अनुजाने काच खाली केली. "छान पळते रे. मला वाटलं, आपल्या गाडीला चाकं नुसती दाखवायला आहेत."

हितेंद्रचं लक्ष नव्हतं. "आईला फोन लाव."

"जागा आसा," आई म्हणाली. चेंबूरला पोचून फोन केला, तेव्हाही जागा होती. दुसऱ्या फेरीत केला, तर आईच्या मागे बायकांचं हसणं ऐकू आलं. "मी एकटी नाय हय आता. आठ बायो इल्यात. तू सावकाश ये."

हितेंद्रच्या जिवात जीव आला. एका म्हातारीला कोणी दटावून उठवेल, आठ बायकांना उठवायची छाती लालबागमध्ये कोणाची नव्हती. आणि त्याच क्षणी दिवा विझला.

पंपावरच्या माणसाने मागे जाऊन सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि नंबरप्लेटचा फोटो काढला.

"दिवा गेला बरं का," हितेंद्रने आपण होऊन सांगितलं.

"कुठला दिवा?"

"इंजिनाचा. आत, डॅशबोर्डवर."

"तो आम्ही बघत नाही. आमचं काम मागच्या बाजूला."

"म्हणजे लागलेला असता तरी..."

"धूर बरोबर आला की झालं. हा घ्या कागद. पुढची गाडी येऊ द्या."

अनुजा खिडकीतून बाहेर बघत हसू दाबत होती. पण हितेंद्र रागावला नाही. पीयूसी झाली, दिवा गेला, जागा शाबूत होती. तो विजयी वीरासारखा फाटकातून आत शिरला आणि त्याने करकचून ब्रेक दाबला.

जागा खरोखर शाबूत होती. तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुती लुगडी अंथरली होती आणि लुगड्यांवर उडदाचे पापड वाळत होते. कडेने आठ बायका लाटत बसल्या होत्या. पाच महिन्यांत पहिल्यांदाच ऊन पडलेली ती फरशी त्यांनी धुऊनपुसून घेतली होती.

"आई, गाडी लावायचीय."

"सरळ मागे घे बघू. धूळ उडता पापडावर."

"अगं, तू जागा धरून बसली होतीस ना?"

"धरलंय मगे. कोणाक घालूक दिलंय गाडी?" रमाबाईंनी पुढची लाटी घेतली. "दोन दिस लागतले वाळाक. मगे सांडगे आसत."

हितेंद्रने काच खाली करून पीयूसीचा कागद बाहेर काढला. तो म्हणाला, "प्रदूषण नाही, बघ."

रमाबाईंनी तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि वाऱ्याने उडणाऱ्या लुगड्याच्या टोकावर ठेवून वर लाटणं ठेवलं.

अनुजाने पुन्हा सीटबेल्ट लावला. "चल," ती म्हणाली, "सांडगे होईपर्यंत अलिबागला जाऊन येऊ."