टाकीच्या तोंडाचे स्थलांतर

कोणतीही वस्तू मुळात चुकीच्याच जागी असते. तिला योग्य जागी नेणे हे सुजाण माणसाचे कर्तव्य आहे. यजमान सुजाण होते.

जुनी व्हॅन घेऊन त्यांनी तिचे फिरते घर करायला घेतले, ते पत्नीसाठी, म्हणजे बाईंसाठीच. बाईंची थोरली बहीण दोनशे किलोमीटरवर राहते आणि हल्ली एकेक माणूस विसरत चालली आहे. (जावई एप्रिलातच गेले. म्हणजे विस्मरणात.) "ताई मला ओळखतेय तोवर जाऊन येऊ," एवढेच बाईंचे म्हणणे.

गाडी तयार झाली. फक्त डावीकडे बाहेर उघडणारी शेगडी नेमकी डिझेल भरायच्या तोंडावर आली.

"मग शेगडी हलवा की," बाई म्हणाल्या.

"शेगडीचं माप झालंय." सबब तोंड हलवायचे ठरले.

पहिले स्थलांतर उजवीकडे. तिथे शेजारीच पाणी भरायचे तोंड होते, तशाच झाकणाचे. पहिल्या फेरीत चहाला डिझेलचा वास आला. (यजमान दोन घोट प्यायले, तत्त्व म्हणून.) दुसरे मागे, स्टेपनीच्या आड. डिझेल भरायचे तर आधी पाच नट काढायचे. याला यजमान सुरक्षाव्यवस्था म्हणत.

"दादा, पाइपला उतार लागतो," मिस्त्री कंटाळून म्हणाला. "कुठंही नाही बसवता येत."

"मग छतावर घ्या. तिथून उतारच उतार आहे."

याला कोणत्याही शास्त्रात उत्तर नाही. तोंड छतावर गेले. त्यासाठी शिडी आली, शिडीसाठी पलंग निम्मा झाला, आणि पंपाची नळी छतापर्यंत पोचत नाही हे पंपावर गेल्यावर समजले. यजमानांनी नळीच्या लांबीबाबत संबंधितांना तीन पत्रे लिहिली.

मध्येच ताईचा फोन आला. "गाडी कुठवर आली गं?"

"टाकीचं तोंड छतापर्यंत आलंय, ताई."

"हां, मग येशीलच आता."

तिसऱ्या पत्राचेही उत्तर आले नाही, तेव्हा बाई बसने गेल्या. चार तास लागले. बसचे डिझेल कुठून भरतात हे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. (यजमानांनी फोनवर पहिले तेच विचारले.)

ताईने दार उघडले, खुर्ची दिली, पाणी दिले. मग अदबीने म्हणाली, "कोण हवंय तुम्हाला?"

बाई आता तिकडेच असतात. रोज सकाळी स्वतःची ओळख करून देतात.

एवढे वाचूनही ते तोंड खरे तर कुठे बसवायला हवे होते, हाच विचार ज्यांच्या डोक्यात चालू आहे, त्यांनी यजमानांना अवश्य भेटावे. त्यांना समविचारी माणसाची गरज आहे. घरी ते सध्या एकटेच असतात.