कापसात पुरलेली खिरापत

"मी का कापूस आहो, आत्याबाई, भाव चढेपर्यंत घरातच कोंडून ठेवाले?"

असं म्हणून वच्छलेनं, म्हणजे आमच्या सुनेनं, भाकर तव्यावर अशी आपटली की चुलीतला निखारा उडून माझ्या लुगड्याच्या काठापर्यंत आला. भांडण सकाळच्या सड्यापासून चाललं होतं. तुम्ही मधेच आलात म्हणून सांगते. तिला दिवाळीला माहेरी जायचं होतं. माहेर बार्शीटाकळीला, अकोल्याच्याही पुढं. बैलगाडीनं निघायचं तर वाटेत तीन मुक्काम. दोन दिवाळ्या ती गेली नव्हती, कारण मी धाडली नव्हती. (उगाच नाही. कारणं होती. आता आठवत नाहीत, पण होती.)

"कापूस असतीस त बरं झालं असतं," मी म्हटलं. "कापूस उलटून बोलत नाई."

"कापसाले माय-बापही नसते."

"अन् दिवाळीचं कोण करीन? करंज्या, अनारसे, चकल्या?"

"तुमी करा! गावभर तुमीच त सांगता, तुमच्यावाणी चव कोणाच्या हाताले नाई मनून."

सांगते मी, आणि मी सांगते ते खोटं नसतं. एवढंच की गेली काही वर्षं रांधते वच्छला, आणि मी शेवटी येऊन मीठ घालते. पण चव मिठाचीच असते, हे कोणीही कबूल करेल.

ही मागच्या आश्विनातली गोष्ट. विलायतेच्याही पल्याड कुठं साहेबाची साहेबाशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि इकडं वऱ्हाडात ज्याच्या वावरात कापसाच्या चार पऱ्हाट्या उभ्या होत्या तोही पागोट्याला जर लावून हिंडू लागला. आमचे घरधनी तर साऱ्यांहून शहाणे. (नाव घेत नाही, नावात नत्थू आहे एवढंच सांगते.) भाव आणखी चढेल म्हणून त्यांनी होळीपासून सारा कापूस माजघरात रचून ठेवला होता. माजघर आढ्यापर्यंत भरलं, मग ओसरी भरली, मग देवांना एका कोनाड्यात दाटीवाटीनं बसवलं. दह्यात कापूस, वरणात कापूस. मी पोथी उघडली की अक्षरांवर कापूस. (अक्षरं मी कोणाकडून शिकले नाही. पोथी सांगणाऱ्या बुवाच्या खांद्यावरून डोकावून डोकावून शिकले. पुढं पुढं बुवानं पान उलटायच्या आधीच मी पुढची ओळ म्हणून मोकळी व्हायची. त्यानं आमच्याकडं येणं सोडलं. त्याची मर्जी.)

तर भांडण. वच्छलेनं भाकर उलटली आणि ती एकदम गोड आवाजात म्हणाली, "आत्याबाई, शर्त लावता?"

सुनेचा आवाज गोड झाला की सासूनं सावध व्हावं. मी झाले नाही.

"कोजागिरीले पोट्ट्यांनी तुमची खिरापत ओळखली, त मले माहेरी धाडजा. नाई ओळखली, त संक्रांतीपर्यंत माहेराचं नाव नाई काढत."

आमच्याकडं भादव्याच्या पुनवेपासून भुलाबाई बसते. रोज संध्याकाळी आळीतल्या पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी त्या घरची खिरापत ओळखतात. डबा झाकलेला. पोरींनी तो हलवायचा, हुंगायचा, कान लावायचा आणि आत काय आहे ते सांगायचं. ओळखता आलं नाही तर त्या घरच्या बाईची मान वर्षभर ताठ. आणि माझी मान? तिची गोष्ट काढू नका. आमच्या घरची कोजागिरीची खिरापत ठरलेली, कोहळ्याचे उंडे. कोहळं किसायचं, त्यात ज्वारीचं पीठ, गूळ, तीळ घालायचे, गोळे वळून पळसाच्या पानात वाफवायचे. आश्विनातल्या गारव्यात गरम उंडा फोडून वर तुपाची धार सोडली की आजारी माणूस उठून बसतो. त्या साली पैसा आल्यापासून घरोघर अमरावतीच्या हलवायाच्या जिलब्या येत होत्या आणि आळीतल्या पोरी पोट धरून बसत होत्या. आमच्या उंड्यानं कोणाचं पोट दुखल्याचं ऐकलं नाही. दोष एकच, वास. आदल्या साली शेजारच्या मनकर्णाबाईच्या नातीनं, तारानं, आमच्या दारात पाय टाकायच्या आधीच रस्त्यावरून आरोळी ठोकली होती, "कोहळ्याचे उंडे!"

"दुसरं काही करजा मंग," वच्छला म्हणाली. "जिलब्या मागवा."

"माह्या घरात हलवाई नाई शिरणार. उंडेच करीन. मीच करीन, एकटी. अन् कोणाच्या बापाले ओळखू येणार नाई. लाव शर्त!"

लागली शर्त.

कोजागिरीच्या सकाळी मी वच्छलेला जात्यावर बसवलं आणि मागच्या पडवीत वेगळी चूल मांडली. वास कोंडायचा कसा, याचा विचार मी रात्रभर केला होता आणि उपाय सापडला होता. (वच्छलेला तो कधी सापडला नसता. तिनं स्वतःच मागून तसं म्हटलं.) उंडे वाफवून झाले की त्यांच्यावर गुळाच्या पाकाचा जाड थर चढवायचा. वास आत, थर बाहेर. पाक जरा पुढं गेला असेल. ओढलं की तार तुटायच्या ऐवजी पळीच वर येत होती. पण मी म्हटलं, जितका घट्ट तितकं बरं. चाखून पाहिलं नाही, कारण भुलाबाईचा नैवेद्य तिच्या आधी आपण उष्टा करत नसतो. (आणि दातांचं म्हणाल, तर माझ्या तोंडात आता वरचे एका बाजूला आणि खालचे दुसऱ्या बाजूला आहेत. त्यांची भेट होत नाही.)

उंडे पितळेच्या डब्यात भरले, झाकण फडक्यानं आवळलं. तरी नाकाला शंका येत होती. मग मला माजघरातला कापूस दिसला. असा पांढरा डोंगर घरात असताना लपवायला दुसरी जागा शोधायची कशाला? कोपरापर्यंत हात घालून डबा आत पुरला. वास कापसात जिरेल, आणि उंडे चंद्र उगवेपर्यंत ऊन राहतील. माझं मलाच कौतुक वाटलं. मग नदीवर अंघोळीला गेले आणि वाटेत भेटेल तिला सांगितलं, यंदा आमची खिरापत ओळखून दाखवा.

परत आले तर माजघर मोकळं.

मोकळं म्हणजे किती मोकळं? होळीपासून न दिसलेली भिंत दिसली. तिच्यावरचं माझंच काढलेलं चित्र मी ओळखलं नाही.

"वच्छले! कापूस कुठी गेला?"

"मामंजी घेऊन गेले ना, अमरावतीले. बाजारात कोणं तरी मनलं, थे साहेबाची लढाई मिटून राहिली, भाव बसून राहिला. मामंजीनं जेवणही नाई केलं. गाड्या जुंपल्या अन् निघाले." मग माझ्याकडं पाहून, "कावून वो? कापसात काही होतं?"

"कापसात काय असणार? कापूस!"

सात महिने जो माणूस कापसाला हात लावू देत नव्हता, त्याला नेमकी त्याच दिवशी विकायची बुद्धी झाली. मी ओसरीवर बसले. वच्छलेनं विचारलं, जेवता? म्हटलं, उपास आहे. ती म्हणाली, "खिरापत झाली तुमची?" म्हटलं, "कधीचीच!" ती हसली नाही. नुसती आत गेली, आणि थोड्या वेळानं किसणीचा आवाज आला. काय किसत होती ते मी विचारलं नाही. मला माझ्या डब्याचं पडलं होतं.

चंद्र वर यायच्या आधीच पोरी आल्या. अंगणात ज्वारीच्या ताटांचा मांडव, त्यात भुलाबाई आणि भुलोजी, दिवे लागलेले. गाणी झाली. तारा म्हणाली, "आजी, खिरापत आणा."

"आणखी म्हणा एक."

म्हटलं. "आणा."

"इतक्यात दमल्या? आमच्या वेळी आम्ही रातभर म्हणत होतो."

पुन्हा म्हटलं. गाणी संपली, मग तीच पहिल्यापासून झाली. पोरी जांभया देऊ लागल्या. वच्छला दाराशी उभी, पदर तोंडाशी धरून. इतक्यात घुंगुरं वाजली आणि गाडी दारात. वर आमचे घरधनी, गालाला उपरणं बांधलेलं, एका बाजूनं तोंड कोहळ्याएवढं सुजलेलं. आणि मांडीवर माझा डबा!

मी धावत जाऊन डबाच आधी घेतला. (गालाचं मागून विचारणारच होते.)

"अवो, थांब..." असं काहीतरी ते म्हणाले. तोंडातून नीट शब्द निघत नव्हता.

"मंग सांगा. आता शर्त हाये."

डबा पोरींच्या मधोमध ठेवला. तारानं हुंगला. पुन्हा हुंगला. मी मनात म्हटलं, हुंग बाई हुंग! मग तिनं हलवला. खडाखड वाजलं.

"सुपाऱ्या?"

"नाई!"

"अक्रोड?"

"नाई!"

"आजी, गोटे हायेत काय?"

"हरल्या!" मी टाळी वाजवली. "ऐकलं काय वो, वच्छलाबाई? हरल्या पोट्ट्या! संक्रांतीपर्यंत माहेराचं नाव नाई!"

वच्छलेचा चेहरा उतरला. खरंच उतरला. त्या माहेरी तिची म्हातारी आई होती आणि तिला डोळ्यांनी कमी दिसू लागलं होतं, हे मला माहीत होतं. पण शर्त म्हणजे शर्त. मी झाकण उघडलं आणि पोरींच्या हातावर एकेक उंडा ठेवला. सगळ्यांनी तोंडात घातला. मग तारानं तोंडातला उंडा काढला, ओट्याच्या दगडावर आपटला. दगडाचा टवका उडाला.

"हेच त सांगून राहिलो मी," घरधनी गाल धरून कण्हले. "ऐकतं कोण!"

मग त्यांनी सांगितलं, अर्धं तोंडानं आणि अर्धं हातवाऱ्यांनी. बाजारात कापसात गोटे घालून वजन वाढवणारे हल्ली इतके माजलेत की कापूस घेणारे अडते गाडीत खांद्यापर्यंत हात घालतात. चंद्रभान नावाच्या अडत्यानं घातला. डबा निघाला. डब्यातून हे निघाले. चंद्रभान ओरडला, "वजनाले गोटे! नत्थुजी, तुमीही?" सारा बाजार गोळा. घरधनी म्हणाले, बाबा, हे गोटे नाहीत, हे माझ्या बायकोचं रांधणं आहे. चंद्रभान म्हणाला, मग खाऊन दाखवा, नाहीतर कापूस परत न्या. भाव घटकेघटकेला उतरत होता. कापूस परत आणला असता तर पुन्हा माजघरातच आला असता.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? खाल्ला." त्यांनी उपरण्याच्या टोकातून काढून माझ्या हातावर काहीतरी ठेवलं. दाढ होती. "चंद्रभानानं कान पकडले अन् कापूस घेतला. म्हणे, नत्थुजी, तुमी इमानदार माणूस हा. अन् म्हणे, घरी गेल्यावर जपून राहा."

पोरी हसून हसून लोळल्या. मी म्हटलं, हा कापसाचा दोष आहे. कापसानं उंड्यांतली सगळी ओल पिऊन टाकली. (आजही माझं हेच मत आहे.)

तेवढ्यात वच्छला आतून झाकलेली परात घेऊन आली. ती अजून उंबऱ्यातच होती, आणि पोरी एका सुरात ओरडल्या, "कोहळ्याचे उंडे!" झाकण काढलं. वाफ निघाली. पळसाची पानं, तूप, तिळाचा वास. पोरी तुटून पडल्या. घरधन्यांनी न सुजलेल्या बाजूनं उंडा चावला आणि डोळे मिटले. मीही एक घेतला. उगाच पाहावं म्हणून. मीठ चिमूटभर कमी होतं. दुसरा घेऊन खात्री करून घेतली.

पण भांडण अजून संपलं नव्हतं. मी हरणारी नव्हे.

"ओळखली थे तुही परात," मी म्हटलं. "माहा डबा कोणाले ओळखू आला काय? नाई ना? मंग शर्त कोणी जिंकली?"

सगळे वच्छलेकडं पाहू लागले. घरधन्यांनीही चावणं थांबवलं. तिनं पदर नीट केला, खाली वाकून माझ्या डब्यातला एक उंडा उचलला, चांगला मोठा पाहून, ताटलीत ठेवला, शेजारी तुपाची वाटी ठेवली, आणि दोन्ही हातांनी ताटली माझ्यापुढं धरून अगदी मर्यादेनं म्हणाली,

"तुमीच जिंकल्या, आत्याबाई, आता हा तुमच्या हातचा एक उंडा तेवढा खाजा, अन् तुमचा खाऊन होईपर्यंत मी बार्शीटाकळीहून जाऊन येतो."